आंब्याचे फोटो तर रोज टाकतेय, पण ‘स्टोरी’ कशी सांगायची?

कातळावरची_बाय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, १८० कलमं, आजोबांनी लावलेली. मी पुण्यात नोकरीला होते, ती दोन वर्षांपूर्वी सोडून घरी आले आणि बाबांच्या मागे लागून लागून बागेचं इन्स्टा पेज काढलं. बाबांचं म्हणणं, आंबा जिभेवर विकला जातो, फोनवर नाही. गेल्या सीझनला साधारण ४०० पेट्या निघाल्या, त्यातल्या २४० वाशीला दलालाकडे गेल्या, १६० आम्ही थेट विकल्या, आणि त्या १६० मध्ये इन्स्टावरून आलेल्या किती, तर ११. अकरा! त्यातल्याही तीन माझ्या जुन्या ऑफिसातल्या.

आणि मी काही कमी टाकत नव्हते हो. मार्च ते मे रोज पोस्ट. केळीच्या पानावर आंबे, पितळी ताटात आंबे, पेटी उघडून आंबे, कापलेल्या फोडी, वर पिवळ्या अक्षरात ‘अस्सल देवगड हापूस, आजच बुक करा’. लाइक करणारे कोण तर आत्या, मावशी आणि इतर आंबेवाले. मध्ये एका एजन्सीशी बोलले, ते म्हणाले तुमच्या पेजवर व्हिज्युअल स्टोरीटेलिंग नाहीये, महिना १८ हजार, चार महिन्यांचं पॅकेज घ्या. म्हटलं म्हणजे नक्की करणार काय, तर एक पीपीटी दाखवली, त्यात ड्रोनवरून बाग, स्लो मोशनमध्ये गळणारा रस आणि मागे बासरी. बाबा बाजूलाच बसले होते, म्हणाले, “ह्यात स्टोरी खंय आसा?” खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडलाय.

आत्ता डिसेंबर आहे, थंडी बरी पडलीये, मोहोर फुटायला लागलाय. माझ्याकडे एक बरा फोन, एक डुगडुगणारा ट्रायपॉड आणि दिवसाचा एखादा तास. एवढ्यात काही होईल का? की एजन्सीला पैसे द्यावेत? ज्यांनी स्वतःच्या धंद्यासाठी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

फ्रेम_ते_फ्रेम

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो (पुणे), ऑफ सीझनला दोन-तीन छोट्या धंद्यांचे रील्स पण करून देतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

ताई, तुमचे बाबा बरोबर बोलले. तुम्ही वर लिहिलेल्या पोस्टी बघा ना, सगळ्या आंबा तयार झाल्यानंतरच्या. म्हणजे पिक्चर संपल्यावर आम्हाला थेटरात घेताय. सुंदर फोटो आणि गोष्ट ह्यात फरक एवढाच की गोष्टीत काहीतरी बदलतं आणि पुढं काय होणार हे माहीत नसतं. ताटातल्या आंब्याचं पुढं काय होणार? खाल्ला जाणार, विषय संपला. पण डिसेंबरातल्या मोहोराचं काय होणार हे तुमच्या बाबांना पण माहीत नाही, बरोबर? एका तुऱ्याला हजारभर तरी फुलं असतील, त्यातून हाताशी येतात दोन-चार फळं. ही एवढी मोठी भानगड तुमच्या अंगणात दरवर्षी घडते आणि तुम्ही आम्हाला डायरेक्ट पितळी ताट दाखवताय!

माझं ऐका, एकच कलम पकडा. १८० नको. त्याला काहीतरी ओळख द्या, रिबीन बांधा, नंबर टाका, घरात त्याला काही नाव असेल तर ते वापरा. मग आठवड्यातून एकदा त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, साधारण त्याच वेळेला १० सेकंदाचा शॉट. जागा चुकू नये म्हणून कातळावर चुन्याने फुली मारून ठेवा, ट्रायपॉड तिथेच. एप्रिलपर्यंत असे सोळा-सतरा शॉट जमतील, ते जोडले की एक रील होईलच, पण त्याच्या आधी दर आठवड्याचा एक एक तुकडा ही स्वतंत्र पोस्ट आहे.

शूटिंगचं म्हणाल तर सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. तुमच्याकडे दुपारी कातळावरून जो उजेड उलटा येतो ना, त्यात सगळं पांढरं फटक दिसतं. लेन्स आधी पुसा (हसू नका, निम्मे धुरकट व्हिडिओ ह्याच्यामुळे असतात), स्क्रीनवर तुऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, फोन उभा धरा. अक्षरं टाकायची तर एकदम खाली नको, तिथं कॅप्शन आणि बटणं येतात, त्याखाली जातात. आणि मराठीत सबटायटल टाकाच, लोक ऑफिसात, लोकलमध्ये आवाज बंद करूनच बघतात.

अजून एक, बाबांना कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लावू नका. त्यांचं काम चालू दे, तुम्ही हातांच्या जवळ जा. माणूस कॅमेऱ्यासमोर उभा केला की तो भाषणच करतो, लग्नात रोज बघतो मी.

ठाण्याची_गिऱ्हाईक

मी विकणारी नाही, विकत घेणारी, त्यामुळे माझं जरा वेगळं.

दोन वर्षांपूर्वी एका पेजवरून पेटी मागवली होती. फोटो काय होते सांगू, असे केशरी की बघूनच तोंडाला पाणी. पेटी आली तर वरचा थर बरा आणि खालच्या थरात निम्म्या आंब्यांत साका. सासूबाईंनी कापला आणि आत पांढरट, रबरासारखं. फोन केला तर म्हणे मॅडम निसर्गाचं आहे. अगं निसर्गाचं आहे हे मलाही कळतं, पण तू फोटो टाकताना निसर्गाचा फक्त केशरी भागच टाकलास ना?

तर मला काय बघायला आवडेल ते सांगते. पेटी वरून नको, खालचा थर दाखवा. पाच डझनाच्या पेटीतला आंबा आणि चार डझनाच्या पेटीतला आंबा शेजारी शेजारी ठेवून, जमलं तर काट्यावर ठेवून दाखवा, कारण मला अजून ते गणित कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. आणि साका आला तर तुम्ही काय करणार ते कॅमेऱ्यासमोर सांगा, त्यासाठी बासरी लागत नाही. फोटोचे रंग वाढवू नका. फोटोतला आंबा आणि पेटीतला आंबा एकच दिसला तर मी दुसऱ्या वर्षी पण येते, एवढं सोपं आहे.

आणि पेटी घरी आल्यावर काय करायचं हे कुणीच दाखवत नाही. फ्रीजमध्ये ठेवू की नको, एकावर एक ठेवू का, खायचा कधी. माझी आई सुरकुती पडल्याशिवाय कापू द्यायची नाही. हे सगळं एका पोस्टमध्ये टाकलंत तर मी ती सेव्ह करीन आणि भिशीच्या ग्रुपवर पण टाकीन.

हिशोबी_माणूस

सगळे स्टोरी स्टोरी करताय, कुणी हिशोब केलाय का? १८ हजार गुणिले ४ म्हणजे ७२ हजार. वाशीपेक्षा थेट विक्रीत खर्च वजा जाता पेटीमागे ६०० रुपये जास्त सुटतात असं धरा (माझा अंदाज, बाईंनी आपला आकडा टाकावा). म्हणजे नुसते एजन्सीचे पैसे निघायला १२० पेट्या जास्तीच्या विकायला लागतील. अकरावरून एकशे एकतीस. बासरीवर?

दुसरं, व्ह्यूज म्हणजे ऑर्डर नाही. इन्स्टावर बघणारा माणूस नागपूरचा पण असतो आणि इंदूरचा पण, तिथं पेटी पोचवायचा खर्च कोण देणार? जुनं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर असतं. १६० थेट पेट्या कुणी घेतल्या त्यांचे नंबर आहेत का? ब्रॉडकास्ट लिस्ट केली का? आणि केली असेल तर हे माहितेय का की समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर त्याला तो ब्रॉडकास्ट जातच नाही? एका लिस्टमध्ये २५६ च लोक बसतात हे पण आहे. आधी ते करा. गोष्टी नंतर सांगा.

कातळावरची_बाय

@हिशोबी_माणूस दादा तुमचा मुद्दा लागला. आमचा आकडा ६०० च्या आसपासच आहे, कधी कमी. एजन्सीला कालच ‘नको’ म्हणून कळवलं. नंबर बाबांच्या वहीत आहेत, काही तर ‘जोशी डोंबिवली काळी गाडी’ असे. ब्रॉडकास्टचं मला खरंच माहीत नव्हतं, म्हणजे गेल्या वर्षी अर्ध्या लोकांना ते गेलंच नसेल, आणि मी आपली सगळ्यांना पाठवतेय असं समजत होते.

@ठाण्याची_गिऱ्हाईक ताई, साक्याचं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले बाहेरून कळत नाही हे खरं, पण फळ काढल्यावर तापल्या कातळावर पडून राहिलं की जास्त येतो म्हणून आम्ही सकाळी काढतो आणि लगेच सावलीत नेतो. मी म्हटलं हेच बोला ना व्हिडिओत, तर म्हणे ह्यात काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतं. 😑

पायताणवाला

ताई, आमचं कोल्हापुरात पायताणाचं काम हाय, मी पेज बघतो, वडील आणि चुलते बनवतात. हे ‘सगळ्यांना माहीत असतं’ आमच्यात पण लई चालायचं. वडिलांना वाटायचं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावतात हे काय सांगायचं, कोण बघणार. ते टाकलं तेव्हा खाली कॉमेंटी बघून ते स्वतःच गप झाले.

माझा अनुभव सांगतो, दोन्ही बाजूचा. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या पायताणासारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नाही म्हणून जो दंगा झाला तेव्हा मी एक रील टाकली, वडील रापीने तळ कापतायत, वर लिहिलं ‘हे आमच्या घरी चार पिढ्या चालू आहे’. साडेचार लाख व्ह्यूज! मी तर वेडाच झालो. ऑर्डरी किती? सहा. लोकांनी अभिमान वाटून घेतला, शेअर केलं आणि गेले. त्याच महिन्यात एक साधी सरकवायची पोस्ट केली, आठ फोटो. पहिल्यात कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची, दुसऱ्यात पट्टीने मोजायचं, मग अंगठा कुठं बसतो, कान (बाजूचे कातड्याचे तुकडे) कुठं येतात, नवीन असताना किती घट्ट वाटलं तर चालतंय, महिन्याने किती सैल होतंय. व्ह्यूज नऊ हजार आणि तिच्यावरून तीसएक ऑर्डरी. कारण माणूस अडकला होता तो ‘माप बसंल का’ ह्या एका भीतीवर. कातड्याचा इतिहास त्याला पाहिजेच होता, पण खिशात हात घालायच्या आधी माप पाहिजे होतं. ठाण्याच्या ताई चार डझन पाच डझन म्हणतायत ना, तुमचं माप ते हाय.

आणि एक चूक करू नका, मी केलीया. पेज बिझनेस अकाउंट केलं की ट्रेंडिंगची बरीच सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत, मी बाहेरून गाणं चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी रीलचा आवाजच गायब. मग वैतागून नुसता खरा आवाज ठेवला, नवं कापशी (पायताणाचा एक प्रकार) घालून चुलते फरशीवर चालतायत, कर्र कर्र कर्र. तेवढंच. त्या आवाजासाठी लोकांनी परत परत बघितली. तुमच्या बागेत पण आवाज असतील की ओ.

कुडाळचो_झील

बाय, माजा आयक, एजन्सीक पैशे कित्याक देतंस? तुज्या जिल्ह्यातच ह्यो धंदो जुनो असा.

(सगळं मालवणीत लिहिलं तर घाटावरचे ओरडतील, म्हणून हे असं.) आमच्या कुडाळजवळ पिंगुळी आहे, तिथल्या ठाकर समाजातली चित्रकथी बघितलीयेस का कधी? परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा जरा नाव झालं, पण ही कला खूप जुनी. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. कथेकरी एक चित्र लोकांसमोर धरतो, गातो, सांगतो, मग ते चित्र काढून पुढचं. चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. लहानपणी मी पुढच्या रांगेत बसायचो आणि सगळं लक्ष त्या हातावर, कधी उलटतो म्हणून. चित्रात तर सगळं हलायचं थांबलेलं असतं, रावण उभा म्हणजे उभा. पण तो माणूस रावण दाखवून नेमका अशा जागी थांबायचा की पोटात गोळा यायचा आणि मग सावकाश पान उलटायचा.

आता इन्स्टावरच्या सरकवायच्या पोस्टीत २० फोटो बसतात. ती तुझी पोथी समज. पण तुम्ही लोक काय करता, पहिल्याच फोटोवर सगळं सांगून मोकळे, आंबा, भाव, फोन नंबर, बुक करा. मग दुसरा फोटो कोण कशाला सरकवील? पहिल्यावर अर्धंच दाखव. नुसता चिकाने काळा पडलेला एक आंबा आणि खाली ‘हा का टाकून दिला?’ एवढंच लिही. पुढं सरकवल्यावर देठ, मग झेला (आंबे काढायची जाळीची काठी), मग बाबांचा हात. भाव असलाच तर शेवटच्या चित्रावर.

ड्रोनवरून मात्र बाग दाखवू नकोस. वरून सगळ्यांच्या बागा सारख्याच दिसतात.

हिशोबी_माणूस

@पायताणवाला सहा आणि तीस, हेच म्हणत होतो मी. बाकी चित्रकथीचं आवडलं, ते फुकट आहे.

कातळावरची_बाय

अपडेट द्यायला आलेय, आज २४ जानेवारी.

घरामागचं कलम घेतलं, आजीने त्याला ‘म्हातारो’ म्हणायला सुरुवात केली होती, तेच नाव ठेवलं. चुन्याची फुली मारली. पहिले तीन आठवडे मस्त गेले, मोहोर भरला, लोक विचारायला लागले म्हातारो कसा आहे. आणि मग मधे ते ढगाळ वातावरण आलं चार-पाच दिवस, फुलकिडे आले, तुडतुडे होतेच, आणि म्हाताऱ्याची अर्धी बाजू काळी. मी त्या आठवड्याचा व्हिडिओ टाकणारच नव्हते. कसं दाखवायचं, गिऱ्हाईक म्हणेल ह्यांची बाग गेली. मग ठाण्याच्या ताईंचं वाक्य आठवलं, निसर्गाचा फक्त केशरी भाग. टाकला. बाबा हातात काळा तुरा घेऊन चुरतात आणि तो भुगा खाली पडतो, एक शब्द बोलत नाहीत. मी वर काहीच लिहिलं नाही, गाणं नाही, फक्त मागे कोंबडा आरवतोय.

आमच्या पेजवर एवढे मेसेज कधी आले नव्हते. फुकटची सहानुभूती पण होती, ‘सर खचू नका’ वगैरे, पण बऱ्याच जणांनी विचारलं की मग यंदा आंबा कमी का, भाव वाढणार का, फवारणी कसली करता. फवारणीचं विचारल्यावर मी जरा घाबरले, पण बाबांनी पंप पाठीवर घेऊनच सांगितलं की करतो, कुठली करतो, आणि काढणीच्या किती आधी बंद करतो. तो व्हिडिओ मी तीनदा बघितला, माझे बाबा इतकं बोलतात हे मलाच माहीत नव्हतं. ‘केमिकल फ्री’ असं मी गेल्या वर्षी पोस्टवर लिहीत होते ते सगळं काढून टाकलंय, कारण ते खरं नव्हतं, सगळे लिहितात म्हणून लिहीत होते.

आणि @कुडाळचो_झील दादा, काळ्या आंब्याची पोथी केली. गेल्या वर्षीचे फोटो होते फोनमध्ये, आणि देठ मोडल्यावर चीक कसा उडतो ते बाबांनी आत्ता छोट्या कैरीवर दाखवलं, फोन इतका जवळ होता की लेन्सवरच उडाला. ती पोस्ट ३१० लोकांनी सेव्ह केलीये. हिशोबी दादांसाठी आकडा: आजपर्यंत ३८ पेट्यांची नावं आली आहेत, त्यातले २१ नवीन लोक, प्रत्येकाकडून नंबर सेव्ह करून घेतलाय.

फ्रेम_ते_फ्रेम

लेन्सवर चीक उडाला तो शॉट ठेवलात ना? प्लीज सांगा कट नाही केलात. आणि लेन्स नीट पुसा आता, तो चीक वाळला की निघत नाही.

एक सुचवतो, आठवड्याचे तुकडे इन्स्टाच्या ‘स्टोरी’त पण टाकत असाल तर त्या स्टोरी २४ तासात उडून जातात, त्या सगळ्या म्हाताऱ्याच्या नावाने हायलाइटमध्ये ओळीने लावा. एप्रिलमध्ये जो नवीन माणूस येईल त्याला पहिल्यापासून बघता आलं पाहिजे. आणि २०२५ च्या सीझनला देवगडात ते फळावर कोडचं स्टिकर निघालंय ना, तुम्ही घेणार असाल तर ते चिकटवताना जवळून दाखवा, लोकांना कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून मिळायची भीती असतेच.

हिशोबी_माणूस

२१ गुणिले ६०० म्हणजे १२,६०० आणि खर्च चुन्याचा. ठीक आहे. पैसे आगाऊ घ्या पण.

ठाण्याची_गिऱ्हाईक

अगं मी त्या ३८ मध्ये आहे, वेगळ्या नावाने. 😄 आमच्या घरी रोज संध्याकाळी म्हातारो बघितला जातो, सासूबाईंना त्याची जी बाजू वाचली तिच्यावरची चार फळं पाठ झालीयेत. त्यातलं एक माझ्या पेटीत टाकशील का, वेगळे पैसे घे हवे तर.

कातळावरची_बाय

ताई, चारातलं एक बाबांनी आधीच ग्रामदेवाला बोललंय आणि एक आजीचं. उरली दोन, आणि वानरं रोज येऊन बघून जातायत. देठाला तुमच्या नावाचा दोरा बांधून ठेवते.